पुस्तक हाती देणारा माणूस : केळुसकर गुरुजी

काशीगावामागे जो डोंगर दिसतो, त्याच डोंगररांगेत दक्षिणेकडे कान्हेरीची लेणी आहेत. तेथे भिक्खुसंघ शेकडो वर्षे नांदला. कल्याण, सोपारा, नाशिक येथील दात्यांनी तेथे विहार कोरविले, पाण्याची टाकी खोदविली आणि आपले दान दगडावर नोंदवून ठेवले. शिलाहार राजांच्या अमदानीतील, नवव्या शतकातल्या एका शिलालेखात बुद्धपूजा, विहाराची डागडुजी आणि भिक्खूंची चीवरे यांच्या जोडीने पुस्तकांसाठीही द्रव्य ठेवल्याची नोंद आहे. पुस्तकांचा वाटा लहान असला तरी चीवराइतकीच पुस्तकाचीही गरज असते, हे त्या दात्याने ओळखले होते. अकराशे वर्षांपूर्वी आमच्याच परिसरात झालेल्या त्या दानाची आठवण ठेवून, या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही अलीकडच्या काळातील एका ग्रंथदात्याचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत. त्यांचे नाव कृष्णराव अर्जुन केळुसकर.

आमच्या समाजात हे नाव कोणाला ठाऊक नाही असे नाही. बाबासाहेबांच्या प्रत्येक चरित्रात ते येते. परंतु बहुधा एका वाक्यापुरते येते. केळुसकर गुरुजींनी शाळकरी भीमरावांना बुद्धचरित्र भेट दिले, एवढे सांगून चरित्रकार पुढे जातो. ज्या हातांनी ते पुस्तक दिले, त्या हातांनीच ते लिहिले होते. त्या हातांचा धनी कोण होता, काय वाचीत होता, कोणते पुस्तक कोणाला द्यावे हे त्याला कसे कळत होते, हे प्रश्न मागे राहतात. त्या एका वाक्याच्या आतला माणूस पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

गुरुजींचा जन्म १८६० साली वेंगुर्ल्याजवळच्या केळूस या गावी एका मराठा कुटुंबात झाला. गावावरूनच घराण्याला आडनाव मिळाले. त्या काळी कोकणातून मुंबईला येणाऱ्या तरुणांपैकी बरेचसे गिरणीत, गोदीत किंवा पेढीवर जात. ज्यांना थोडे इंग्रजी येई, ते कारकून होत. केळुसकरांनी शिक्षकाचा पेशा पत्करला. मुंबईच्या विल्सन हायस्कूलमध्ये ते शिकवीत. शिक्षकाचा पगार तो कितीसा! पण शाळेचा सहवास म्हणजे पुस्तकांचा सहवास, आणि गुरुजींना तोच हवा होता. दिवसा शिकवावे, संध्याकाळी वाचावे आणि रात्री लिहावे, अशा मेहनतीवाचून त्यांनी मागे ठेवलेले ग्रंथभांडार उभे राहिले नसते.

त्यांचे लेखन कोणत्याही एका पंथापुरते नव्हते. त्यांनी तुकाराममहाराजांचे चरित्र लिहिले. भगवद्गीता मराठी वाचकाला अर्थासह कळावी म्हणून तिच्यावर ग्रंथ सिद्ध केला. छत्रपती शिवाजी महाराजांचे विस्तृत मराठी चरित्र १९०६ च्या सुमारास प्रसिद्ध केले. बखरी, कागदपत्रे आणि इंग्रज लेखकांचे ग्रंथ जुळवून पाहत सिद्ध केलेला हा ग्रंथ पुढे नी. स. टाकाखाव यांनी इंग्रजीत आणला आणि १९२१ साली तो प्रसिद्ध झाला. इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी त्याच्या प्रती विकत घेऊन देशोदेशींच्या ग्रंथालयांना पाठविल्या असे सांगतात. मराठी माणसाने लिहिलेले शिवचरित्र परक्या देशातील वाचकाच्या हाती पडावे, ही ग्रंथकाराची तळमळ होती. पुस्तक लिहून झाले म्हणजे काम संपले असे गुरुजी मानीत नसत. योग्य वाचकाच्या हाती ते पोचले म्हणजेच त्यांना समाधान मिळे.

याच क्रमात १८९८ साली त्यांचे गौतम बुद्धाचे चरित्र निघाले. त्या वर्षाचे महत्त्व आजच्या वाचकाला चटकन उमगणार नाही. महाराष्ट्राच्या डोंगराडोंगरांत बुद्धलेणी होती, पण लोक त्यांना पांडवलेणी म्हणत. पुराणे ऐकणाऱ्या समाजाला बुद्ध ठाऊक होता तो विष्णूचा नववा अवतार म्हणून. कपिलवस्तूचा राजपुत्र, उरुवेल्याचा तपस्वी आणि पंचेचाळीस वर्षे पायी फिरून लोकांशी बोलणारा शास्ता हा मराठी घरांना अपरिचितच होता. दुसरीकडे विद्वानांच्या जगात मोठी खळबळ चालू होती. एडविन आर्नल्ड यांचे बुद्धावरील इंग्रजी काव्य १८७९ साली प्रसिद्ध होऊन जगभर वाचले जात होते. लंडनमध्ये १८८१ साली पाली ग्रंथ छापणारी संस्था स्थापन झाली होती. वसईच्या खाडीपलीकडे सोपाऱ्याला १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूप खणून काढला होता. हे सारे इंग्रजीत घडत होते आणि इंग्रजीतच राहत होते. केळुसकरांनी ते वाचले आणि मराठीत आणले. विद्वानांच्या टेबलावरचा बुद्ध त्यांनी शाळकरी मुलाच्या हाती देता येईल असा केला.

एखादे लहानसे पुस्तकही त्या काळी काय करू शकत होते, याचे दुसरे उदाहरण गोव्यातील साखवाळचे धर्मानंद कोसंबी. बालबोधमेवा या मुलांच्या मासिकात बुद्धाविषयीचा मजकूर त्यांच्या वाचनात आला आणि त्या ओढीने घरदार सोडून ते पुणे, काशी, नेपाळ असे हिंडत थेट सिंहलद्वीपापर्यंत गेले. पुढे ते पालीचे जगन्मान्य पंडित झाले. कोसंबींना बुद्ध सापडला तो योगायोगाने. मासिक कोणी मुद्दाम त्यांच्यासाठी निवडले नव्हते. केळुसकरांच्या हातून घडले ते मात्र जाणूनबुजून घडले, आणि म्हणूनच त्यांच्या चरित्राला आम्ही आगळे महत्त्व देतो.

१९०४ च्या सुमारास सुभेदार रामजी सकपाळ आपले कुटुंब घेऊन मुंबईला आले आणि परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहू लागले. धाकटा मुलगा भीमराव एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये जाऊ लागला. एका खोलीत सारे कुटुंब, भांडीकुंडी, चूल आणि जळण. मुलाला अभ्यासासाठी निवांतपणा मिळावा म्हणून वडील रात्री दोन वाजता त्याला उठवीत. पुस्तकांचा हट्ट मात्र खोलीच्या मानाने फार मोठा होता. शाळेच्या नेमलेल्या पुस्तकांपलीकडची पुस्तके मुलाला हवी असत. हाताशी पैसे नसले म्हणजे सुभेदार आपल्या लग्न झालेल्या मुलींकडे जात, त्यांचा एखादा दागिना मागून घेत, गहाण ठेवीत, पुस्तक आणीत आणि निवृत्तिवेतन हाती आले की दागिना सोडवून परत करीत. मुलींनीही तो कधी नाकारला नाही. बाबासाहेबांच्या ग्रंथसंग्रहाचा पाया असा बहिणींच्या दागिन्यांवर घातला गेला, हे आमच्या मुलींनी विशेष लक्षात ठेवावे.

शाळा सुटल्यावर भीमराव चर्नी रोडच्या बागेत वाचीत बसत. केळुसकर गुरुजीही संध्याकाळी तेथे येत आणि तेही वाचण्यासाठीच. इतर मुले खेळत असताना हा एक मुलगा रोज पुस्तकात डोके घालून बसतो, हे शिक्षकाच्या नजरेतून सुटले नाही. त्यांनी चौकशी केली. मुलाने आपण कोण, कोणत्या जातीचे, हे सांगितले. त्या काळात एवढ्या उत्तरावर पुष्कळ संभाषणे संपत असत. हे मात्र तेथून सुरू झाले. गुरुजींनी त्याला काय वाचतोस हे विचारले, काय वाचावे हे सांगितले आणि आपल्याकडची पुस्तके वाचायला दिली.

या साध्या गोष्टीचे मोल कळण्यासाठी त्या मुलाची शाळेतील स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. त्याला संस्कृत शिकण्याची इच्छा होती. ती नाकारली गेली आणि त्याला फारसी घ्यावी लागली. म्हणजे ग्रंथांचा एक मोठा दरवाजा त्याच्या तोंडावर बंद करण्यात आला होता. अशा वेळी बागेच्या बाकावर बसून एक वयस्क शिक्षक त्याच्यापुढे एकामागून एक पुस्तक ठेवीत होता. शाळेने घातलेले कुंपण त्याने वाद न घालता, सभा न भरवता, नुसत्या पुस्तकांनी ओलांडून दाखविले.

यानंतर तो सुप्रसिद्ध प्रसंग येतो. भीमराव १९०७ साली मॅट्रिक झाले, तेव्हाच्या अभिनंदनाच्या सभेत हे पुस्तक मिळाले असे पुष्कळ चरित्रकार लिहितात. स्वतः बाबासाहेबांनी मात्र १९५६ साली आपल्या बुद्धविषयक ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत ही आठवण इंग्रजी चौथी उत्तीर्ण झाल्याच्या वेळची म्हणून सांगितली आहे. ती प्रस्तावना ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीत छापली गेली नाही. पुढे ती वेगळी प्रसिद्ध झाली. तीत येणारा तपशील मोठा हृद्य आहे. वस्तीतील लोकांना मुलाचा सत्कार करायचा होता. सुभेदारांनी साफ नकार दिला. अशाने मुलाच्या डोक्यात हवा जाईल, परीक्षा पास होण्यापलीकडे त्याने केले तरी काय, असे त्यांचे म्हणणे होते. निराश झालेली मंडळी केळुसकरांकडे गेली. सुभेदारांशी त्यांचा स्नेह होता आणि आंबेडकर कुटुंब त्यांना दादा म्हणत असे. दादांनी मध्यस्थी केली, थोडा वाद झाला, सुभेदार नमले आणि सभा झाली. अध्यक्षस्थानी दादाच होते. भाषण संपवून त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र मुलाच्या हाती ठेवले. बडोद्याच्या ग्रंथमालेसाठी त्यांनी ते लिहिले होते.

सत्कारात हार असतात, शाल असते, कौतुकाचे शब्द असतात. ते सारे त्या सभेत होते की नाही, हे आज कोणी विचारीत नाही. पुस्तकाची आठवण तेवढी मागे राहिली. दुसरी एक गोष्टही येथे पाहण्यासारखी आहे. गुरुजींच्या नावावर इतर विषयांवरचेही लेखन होते. संताचे चरित्र देता आले असते, गीता देता आली असती. त्यांनी या मुलासाठी बुद्ध निवडला. ज्याला जन्मावरून बाहेर ठेवले गेले आहे, अशा वाचकाला जन्म न विचारणाऱ्या शास्त्याची भेट घालून द्यावी, ही निवड सहज झालेली नसावी असे आम्हांला वाटते. वाचकाला ओळखल्यावाचून पुस्तक निवडता येत नाही, आणि गुरुजींनी हा वाचक बागेच्या बाकावर बसून पुरता ओळखला होता.

मुलाने ते पुस्तक वाचले आणि तो हलला. वाचून झाल्यावर त्याने वडिलांना एक अवघड प्रश्न विचारला. घरात रोज रामायण-महाभारत वाचायला लावता. मग बौद्ध वाङ्मयाची ओळख आम्हांला का करून दिली नाही? सुभेदार स्वतः कबीरपंथी आणि वाचनाचे शौकीन. त्यांनी उत्तर दिले की आपण अस्पृश्य आहोत, आपल्या मनात न्यूनगंड निर्माण होण्याचा संभव असतो, म्हणून द्रोण आणि कर्ण यांच्यासारखी माणसे किती उंच चढली हे तुम्हांला कळावे अशी माझी इच्छा होती. मुलाचे त्या उत्तराने समाधान झाले नाही. महाभारतातील कोणतीच व्यक्ती त्याच्या मनात भरली नव्हती. बाप प्रेमाने एक पुस्तक पुढे करतो, गुरू प्रेमाने दुसरे, आणि मुलगा दोन्ही वाचून स्वतःचा निवाडा करतो. चांगल्या वाचनाचे लक्षण हेच. आवडलेले पुस्तकही तपासावे, दिलेल्या पुस्तकालाही प्रश्न विचारावा. बुद्धाकडे आपण रिकाम्या मनाने वळलो नाही, तुलनेसाठी आधीचे वाचन पाठीशी होते, हे बाबासाहेबांनी नमूद करून ठेवले आहे.

पुस्तक देऊन गुरुजी थांबले नाहीत. भीमराव इंटरची परीक्षा उत्तीर्ण झाले तेव्हा घरची स्थिती अशी झाली की पुढील शिक्षण थांबणार. गुरुजींनी त्यांना बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या भेटीस नेले. महाराजांनी मुलाला काही प्रश्न विचारले, उत्तरांनी ते संतुष्ट झाले आणि त्यांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर केली. हे महाराज स्वतः ग्रंथांचे मोठे चाहते. सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण त्यांनी १९०६ साली आपल्या सबंध राज्यात लागू केले. १९१० साली त्यांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन नावाचे ग्रंथपाल आणविले, बडोद्याचे मध्यवर्ती ग्रंथालय उभारले, गावोगावी वाचनालये काढली आणि जेथे वाचनालय नाही तेथे पुस्तकांच्या पेट्या पाठविण्याची सोय केली. केळुसकरांचे बुद्धचरित्र, बडोद्याची ग्रंथमाला आणि भीमरावांची शिष्यवृत्ती ही एकाच ग्रंथप्रेमाची फळे होत.

१९१३ साली भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले आणि वाचनाची भूक तेथे मनसोक्त भागवू लागले. जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून त्यांनी सुमारे दोन हजार ग्रंथ जमविले. पोटाला चिमटा घेऊन घेतलेल्या या ग्रंथांपैकी बरेचसे पुढे त्यांच्या हाती आलेच नाहीत. १९१७ साली लंडनहून परतताना पुस्तकांचे सामान ज्या जहाजावर होते, ते महायुद्धात पाणतीर लागून बुडाले. नुकसानभरपाई म्हणून सहाशे रुपये मिळाले. त्या रकमेच्या आधारावर ते बडोद्याच्या नोकरीवर रुजू होण्यास निघाले.

त्या वेळीही गुरुजी धडपडले. बडोद्यात राहायला जागा मिळावी म्हणून त्यांनी ओळखीच्या एका प्राध्यापकांकडे शब्द टाकला होता. पण अस्पृश्याला घरात घेण्याची त्या घराची तयारी झाली नाही आणि दार बंद राहिले. पुढे बडोद्यात भीमरावांची काय अवस्था झाली, ते सर्वांना माहीत आहे. गुरुजींनी केलेली ग्रंथाची शिफारस वाचकाच्या अंतःकरणापर्यंत पोचली. माणसाची शिफारस मात्र उंबऱ्यावरूनच परतली. समाज त्यांच्यापुढे फार सावकाश चालत होता. तरीही त्यांनी शिफारस करणे सोडले नाही, हे त्यांच्या स्वभावाचे वैशिष्ट्य.

१९३४ च्या ऑक्टोबरमध्ये गुरुजींचे निधन झाले. तोवर त्यांचा हा विद्यार्थी लंडनचा डी. एस्सी., बॅरिस्टर आणि गोलमेज परिषदेतील आपल्या समाजाचा प्रवक्ता झाला होता. दादरच्या हिंदू कॉलनीत त्याने पुस्तकांसाठी घर बांधले होते आणि त्याला राजगृह असे नाव दिले होते. राजगृह ही मगधाची राजधानी, बिंबिसाराने तथागतांना वेळुवन दान दिले ती नगरी. चर्नी रोडच्या बागेत ज्याची पुस्तके मांडीवर मावत होती, त्याच्या पुस्तकांना आता मजला लागत होता. त्या घराच्या नावात मात्र बालपणी वाचलेली कथा जिवंत होती.

गुरुजींनी जे पाहिले नाही, ते याहून मोठे होते. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ साली मुंबईत तिचे पहिले महाविद्यालय निघाले, त्याचे नाव सिद्धार्थ. १९५० साली औरंगाबादला दुसरे निघाले. पुढे ते मिलिंद या नावाने प्रसिद्ध झाले. ज्या राजपुत्राची गोष्ट एका मुलाला भेट मिळाली होती, त्याच्या नावाच्या महाविद्यालयात हजारो मुलांच्या हाती पुस्तके आली. ऑक्टोबर १९५६ मध्ये, गुरुजींच्या निधनानंतर बावीस वर्षांनी, नागपूरच्या भूमीवर लाखो लोकांनी बाबासाहेबांसह धम्म स्वीकारला. आणि डिसेंबरच्या पाच तारखेच्या रात्री, आयुष्याच्या अखेरच्या रात्री, बाबासाहेब आपल्या बुद्धविषयक ग्रंथाच्या प्रस्तावनेवर शेवटचा हात फिरवीत होते. तो ग्रंथ १९५७ साली सिद्धार्थ महाविद्यालयाच्या प्रकाशनातर्फे बाहेर पडला. केळुसकरांचे पुस्तक १८९८ चे. एका पुस्तकापासून दुसऱ्या पुस्तकापर्यंत जवळजवळ साठ वर्षांची वाट आहे.

या वाटेचे सारे श्रेय एका भेटीला देणे योग्य होणार नाही. सुभेदारांची जागरणे, बहिणींचे दागिने, महाराजांचे द्रव्य, रमाईंचे कष्ट आणि सर्वांवर म्हणजे बाबासाहेबांची स्वतःची प्रज्ञा, या सर्वांचा त्यात वाटा आहे. केळुसकर गुरुजींचा वाटा त्या वेळी पाहणाऱ्याला फार लहान वाटला असता. ते धर्मांतर सुचविणारे नव्हते, चळवळीचे पुढारी नव्हते. वाचनाचा आनंद त्यांना ठाऊक होता आणि तो एकट्याने भोगण्यात त्यांना गोडी वाटत नसे. आपल्याला आवडलेले पुस्तक दुसऱ्याच्या हाती द्यावे, त्याचे डोळे त्यावर कसे फिरतात ते पाहावे, आणि मग त्याने त्यातून काय घ्यावे हे त्याच्यावर सोपवावे, एवढे त्यांनी केले. बीज पेरणाऱ्याने झाड पाहिलेच पाहिजे असा नियम नाही.

निवासी शाळेत घर सोडून आलेल्या मुलाला घराची उणीव भासते, ती काही अंशी माणसे भरून काढतात आणि काही अंशी पुस्तके. या शाळेतून शिकून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांना हे सांगण्याची गरज नाही. त्यांना आणि पालकांना आमची एक विनंती आहे. वर्षातून एकदा, बुद्धपौर्णिमेला म्हणा वा चौदा एप्रिलला, आपण स्वतः वाचलेले आणि मनापासून आवडलेले एक पुस्तक एका मुलाच्या हाती द्यावे. गठ्ठा पाठवू नये, एकच द्यावे. ते मूल काय वाचते हे आधी त्याला विचारावे, हे पुस्तक त्याच्यासाठीच का निवडले ते सांगावे, आणि महिन्याभराने त्याच्याशी त्यावर बोलावे. मूल नाक मुरडेल, प्रश्न विचारील, कदाचित ते पुस्तक मुळीच आवडले नाही असेही सांगेल. तेही ऐकून घ्यावे. केळुसकर गुरुजींना याहून योग्य अभिवादन आम्हांला सुचत नाही.